शिफारस आणि वशिला

‘शिफारस’ आणि ‘वशिला’ हे दोन्ही शब्द मराठीत बाहेरून आले. शिफारस फारसीतून, वशिला अरबीतून. फारसीत ‘सिफारिश’ ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ सोपवणं, हवाली करणं. आपण मराठीत ‘सुपूर्द करणे’ म्हणतो, तो सुपूर्दही त्याच घरातला. अरबीत ‘वसीला’ म्हणजे साधन, जवळ पोचण्याचा मार्ग. मराठीत येता येता वशिल्याची इज्जत गेली आणि शिफारशीची राहिली. उर्दूत उलटं झालं. तिथे ‘सिफारिशी’ म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे या दोन शब्दांच्या मध्ये माझा रोज वावर असतो. माझ्याकडे जो कागद मागायला येतात, तो या दोघांपैकी नक्की कोणता, हे मला दरवेळी तपासून घ्यावं लागतं.

जून-जुलैत शाळेच्या ऑफिसबाहेर गर्दी असते. बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला. हे कागद ठरलेल्या नमुन्यात असतात, नाव घालायचं, सही करायची, शिक्का मारायचा. पण अलीकडच्या काही वर्षांत एक वेगळा कागद मागायला मुलं येऊ लागली आहेत. नाटक शिकायचंय, नाच शिकायचाय, गाणं शिकायचंय, आणि तिथल्या अर्जात लिहिलंय की तुम्हाला ओळखणाऱ्या जाणकाराचं पत्र जोडा. हा कागद छापील नमुन्यात बसत नाही. त्याचा सांभाळ कसा करायचा, हे मला एका मुलीमुळे शिकायला मिळालं. तिचीच गोष्ट सांगते. तिचं नाव सलमा समजा, खरं नाव वेगळं आहे.

सोलापुरात विजापूर वेशीकडे तिचं घर. वडील रिक्षा चालवतात, आई घरी शिलाई करते. आठवीत असताना गॅदरिंगला आम्ही इम्तियाज अली ताज यांच्या ‘चचा छक्कन’मधला भिंतीवर तसबीर टांगण्याचा प्रसंग बसवला होता. चचाचं काम करणारा मुलगा आदल्या दिवशी तापाने आडवा झाला. सलमा मागे उभी राहून सामान देणारी होती. ती म्हणाली, ‘‘टीचर, मेरेकू सब पाठ है.’’ नुसतं पाठ नव्हतं. हातोडी हरवल्यावर चचा ज्या रागाने घरभर बघतात, तो राग तिने कुठून आणला होता कोण जाणे. खाली बसलेल्या बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या.

पुढे ती कॉलेजात गेली. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात प्रहसन केलं, मूकनाट्य केलं, मग शहरातल्या एका हौशी संस्थेच्या नाटकात राज्य नाट्य स्पर्धेसाठी उभी राहिली. घरी काय सांगायची? ‘‘तालीम है.’’ मराठीत तालीम म्हणजे नाटकाचा सराव, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. आई समजायची क्लास आहे. सलमा खोटं बोलत नव्हती, फक्त कुठल्या भाषेत बोलतेय ते सांगत नव्हती.

बीए झाल्यावर ती माझ्याकडे आली, हातात एक प्रिंट घेऊन. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज. एनएसडी. मुदत संपायला तीन आठवडे होते.

हे विद्यालय 1959 साली संगीत नाटक अकादमीने सुरू केलं आणि 1975 पासून ती स्वायत्त संस्था आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, आणि देशभरातून मोजक्याच मुलांना प्रवेश. पदवी लागते, पण पदवीच्या टक्क्यांवर काही ठरत नाही. अर्जदाराने निदान सहा नाटकांत काम केलेलं असावं आणि त्याचा पुरावा द्यावा, नाट्यक्षेत्रातल्या जाणकाराची शिफारस असावी, असं त्यात होतं. आधी वेगवेगळ्या शहरांत प्राथमिक चाचणी होते, त्यातून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात आणि शेवटची निवड तिथे होते.

टक्के बघणाऱ्या कॉलेजला शिफारसपत्राची गरज नसते, कारण गुणपत्रिका सगळं बोलते. कलेच्या संस्थेला ती लागते, आणि त्याला कारण आहे. चाचणीत मुलगी काही मिनिटं समोर उभी राहते. त्या मिनिटांत आवाज कळतो, शरीर कळतं, हिंमत कळते. पण चाळीस दिवसांच्या तालमीत ती विसाव्या दिवशी कशी होती, भूमिका काढून घेऊन छोटी भूमिका दिली तेव्हा रुसली का, दिग्दर्शकाने अकराव्यांदा तेच वाक्य म्हणायला लावलं तेव्हा अकराव्यांदा काही नवीन केलं का, हे चाचणीत कळत नाही. ते ज्याने पाहिलंय त्यालाच विचारावं लागतं. म्हणून हे पत्र म्हणजे साक्ष आहे. आपल्याकडे कोर्टात काय किंवा निकाहात काय, साक्षीदार तोच, जो तिथे हजर होता.

पण ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यात समजावून सांगणं सोपं नाही. सलमाने शिफारस हवी म्हटल्यावर तिच्या मामूने दोन दिवसांत पत्र आणून दिलं. एका माजी नगरसेवकाच्या जाड लेटरहेडवर, रंगीत शिक्क्यासह. ‘सदर मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची असून सुस्वभावी व होतकरू आहे, तरी तिला प्रवेश देऊन उपकृत करावे.’ मामूने चांगल्या मनाने, दोन चकरा मारून आणलं होतं. रेशनकार्ड, दवाखाना, शाळाप्रवेश, सगळीकडे हेच पत्र चालतं, मग इथे का नाही? त्याला काय सांगणार? ज्या माणसाने सलमाला एकदाही रंगमंचावर पाहिलं नव्हतं, त्याच्या पत्रात सगळं होतं, फक्त सलमा नव्हती. मी ते पत्र तिला फाडू दिलं नाही. मामूचं मन मोडायचं कारण नव्हतं. ते फाईलमध्ये मागे राहिलं.

दुसरी सूचना कॉलेजातल्या मैत्रिणींची. एका बक्षीस समारंभाला टीव्हीवरचा एक नट आला होता, त्याच्यासोबत सलमाचा फोटो होता. ‘‘त्याला मेसेज कर ना, त्याचं पत्र म्हणजे काय!’’ मोठ्या नावाचा मोह मलाही समजतो. पण ज्याने फक्त ढाल हातात दिली, तो काय लिहिणार? लिहिलंच तर नगरसेवकाचंच पत्र लिहील, शिक्का तेवढा वेगळा.

तेव्हा आम्ही दोघी शाळा सुटल्यावर वर्गात बसलो आणि एक यादी केली. वरती एकच प्रश्न लिहिला: सलमाला काम करताना सलग कोणी पाहिलंय? नाव किती मोठं, हे विचारायचंच नाही. तीन नावं निघाली. राज्य नाट्य स्पर्धेतलं नाटक बसवणारे दिग्दर्शक. नोकरी बँकेत, पण वीस वर्षं संध्याकाळी नाटक. युवा महोत्सवात मूकनाट्य शिकवणारे प्रशिक्षक. आणि मी. मी नाट्यक्षेत्रातली जाणकार नाही, त्यामुळे एनएसडीच्या अर्जात माझं पत्र ‘जाणकाराची शिफारस’ म्हणून चालणार नव्हतं. पण सलमाने एकाच दारावर थांबू नये असं मला वाटत होतं. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात आणि एका शिष्यवृत्तीला ती अर्ज करणार होती, तिथे शिक्षकाचं पत्र चालत होतं. म्हणजे तीन ठिकाणं, तीन पत्रं, तीन मुदती. वहीचं एक पान आखलं: कुठे, कोणाचं पत्र, कोणत्या भाषेत, कसं पाठवायचं, शेवटची तारीख, आणि त्याआधी पाच दिवसांची आमची तारीख. लग्नाघरी रुखवताची यादी असते तशी ती यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

पुराव्यांचं काम त्याहून अवघड निघालं. सहा नाटकं झाली होती, पण छापील पत्रक दोनच नाटकांचं. एकाचं प्रमाणपत्र होतं, त्यावर तिचं नाव ‘शेक सलीमा’ असं छापलेलं. एकाचा कागदच नव्हता, फक्त एका मुलाच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ. मूकनाट्याची बातमी स्थानिक पेपरात आली होती, ती वाचनालयात जाऊन शोधून काढली. नावाच्या दुरुस्तीसाठी कॉलेजच्या ऑफिसात तिला चार खेपा घालाव्या लागल्या. शहरातल्या बड्या शाळेतल्या मुलांच्या घरी ही सगळी फाईल लहानपणापासून आई ठेवत असते. सलमाच्या आईला नाटक होतं हेच माहीत नव्हतं, ती फाईल कशाची ठेवणार?

इथे मी थांबले. सलमा म्हणाली होती, ‘‘टीचर, अब्बा कू अभी नको बोलो. सिलेक्शन हुआ तो बोलेंगे.’’ मी तिला सांगितलं, की पत्र मी लिहीन आणि बाकीची दोन मिळवायला मदतही करीन, पण पत्र पाकिटात जायच्या आधी घरी कळलं पाहिजे. ती बावीस वर्षांची, सज्ञान होती. स्वतःचा निर्णय घ्यायचा तिला हक्क होता, यात मला शंका नव्हती. पण शिफारस म्हणजे सोपवणं. जिला मी दिल्लीच्या हवाली करतेय, तिच्या घरातून चोरून ते करायला माझा हात धजावत नव्हता. शिवाय निवड झाल्यावर घरात जे वादळ उठेल, त्यापेक्षा निवडीआधीचं वादळ छोटं असतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘तुम भी चलो फिर घर कू.’’

जुम्याला असरनंतर मी गेले. वडिलांनी रिक्षा दाराशी लावली होती. मी सगळं सांगितलं, चचा छक्कनपासून. आई मध्येच म्हणाली, ‘‘वो तालीम, ये तालीम थी?’’ आणि तिला हसू आलं, मग तिने पदर तोंडाला लावला. वडील हसले नाहीत. मी अर्ज वाचून दाखवला, शिष्यवृत्तीचं वाक्य दोनदा. ते नीट ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, ‘‘टीचर, तुम उनकू चिठ्ठी लिख के देरे, की हमारी लडकी अच्छी है. मेरेकू कोई चिठ्ठी लिख के देता क्या, की वो लोगां अच्छे हैं?’’

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते कुणाकडेच नसतं. अर्जात मुलांनी पत्र द्यायचं असतं, संस्थेने आईबापांना द्यायचं नसतं. ‘दिल्ली एकदम सुरक्षित आहे, काही काळजी करू नका’ असं म्हणणं सोपं होतं. पण जे मी पाहिलं नाही त्याची साक्ष द्यायची नाही, हे मी नगरसेवकाच्या पत्राला लावलेलं माप होतं. ते स्वतःला लावायला नको? मी म्हटलं, ‘‘भाईजान, दिल्ली मैंने देखी नहीं, उसकी चिठ्ठी मैं नहीं लिख सकती. सलमा को मैंने दस साल देखा है, उसकी लिख सकती हूं. वो डरेगी तो तुम्हारे कू फोन करेगी, छुपाएगी नहीं. अब से नहीं छुपाएगी.’’ सलमा मान खाली घालून बसली होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बंबई तक जाने देता. आगे का आगे.’’ प्राथमिक चाचणी मुंबईत होती. मला तेवढं पुरलं.

आता दिग्दर्शकांकडे जायचं होतं. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि पुढचं वाक्य तेच बोलले जे सगळे बोलतात: ‘‘मॅडम, तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो.’’ यात त्यांचा आळस नव्हता. मार्चअखेरची बँकेची कामं नुकतीच संपली होती, आणि मराठी शिकवणारी बाई समोर असताना आपण काय लिहायचं, हा नम्रपणाही होता. पण तीन पत्रं मीच लिहिली असती तर तीन साक्षीदार एकाच तोंडाने बोलले असते. वाचणाऱ्याला ते दुसऱ्या ओळीत कळतं. मी त्यांना म्हटलं, ‘‘सर, तुम्ही फक्त बोला, मी ऐकते.’’ चहा घेताना ते बोलू लागले. सलमाने मूळच्या सासूच्या भूमिकेत चालताना डावा पाय किंचित ओढायला सुरुवात केली, कुणी सांगितलं नव्हतं, विचारल्यावर म्हणाली की आमच्या गल्लीत एक आजी तशा चालतात. प्रयोगाच्या दिवशी लाइट गेले तेव्हा ती अंधारात वाक्यं म्हणत राहिली आणि समोरच्या नटालाही तिने धरून ठेवलं. मी म्हटलं, ‘‘हेच लिहा. एवढंच.’’ सोबत एका पानाचं टिपण दिलं: सलमाचं नाव आधारकार्डावर आहे तसं, नाटकांची यादी तारखांसह, संस्थेचा पत्ता, पत्र कधीपर्यंत हवं. मजकूर त्यांचा, तपशील आमचे. अशी वाटणी केली की लिहिणाऱ्यावर ओझं होत नाही आणि पत्रही त्याचंच राहतं.

चार दिवसांनी त्यांनी कच्चं पत्र वाचायला पाठवलं. सुंदर होतं, डावा पायही त्यात होता. फक्त एक वाक्य असं होतं: ‘मुस्लिम समाजातील असूनही तिने रंगभूमीची निष्ठेने सेवा केली आहे.’

त्या ‘असूनही’पाशी मी अडकले. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट कौतुक होतं. आपल्या घरांतून मुलींना नाटकात यायला किती अडचणी येतात, हे त्यांनी पाहिलं होतं, आणि मीही नुकतीच त्या घरात बसून आले होते. अडचण खोटी नव्हती. पण ‘असूनही’ अडचण सांगत नाही. तो सलमाला तिच्या माणसांपासून तोडतो आणि तिच्या चांगुलपणाचं श्रेय त्या तुटण्याला देतो. मी सरांना फोन केला. म्हटलं, ‘‘सर, ज्या विद्यालयाला आपण पत्र पाठवतोय, त्याला घडवलं इब्राहिम अल्काझींनी. 1962 ते 1977 ते तिथे संचालक होते. जन्म पुण्याचा, वडील अरब. आपल्या बार्शीचे अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या राहिल्या. पेशवाईत लावण्या रचणारे सगनभाऊ शिकलगार होते. यातलं कोण ‘असूनही’ होतं?’’ सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मॅडम, मी तसा विचारच केला नव्हता. काय लिहू?’’ मी म्हटलं, खरं काय ते लिहा. त्यांनी लिहिलं: ‘ती उर्दू माध्यमात शिकली असून तिचे उच्चार स्वच्छ आहेत. तालमीसाठी रोज दोन बस बदलून येत असे व दोन महिन्यांत एकदाही उशिरा आली नाही.’ घरची अडचण दोन बसमध्ये आली, आणि उर्दू, जी इतकी वर्षं तिला मागे ओढणारी गोष्ट म्हणून सांगितली गेली होती, ती तिच्या जमेच्या बाजूला आली. ज्या शाळेत हिंदीत संवाद बोलायचे, तिथे ‘ज’ आणि ‘ज़’ वेगळे म्हणता येणं ही साधी गोष्ट नाही.

माझं पत्र लिहिताना प्रश्न वेगळा होता: कमीपणा लिहायचा का? सलमाचं इंग्रजी कच्चं आहे. अनोळखी लोकांत ती पहिले दोन दिवस बोलत नाही. पत्रात नुसती स्तुती असली की वाचणारा ती निम्मी करून घेतो, बाजारात भाव करतात तशी. मी इंग्रजीबद्दल लिहिलं, आणि त्याच्याच पुढे लिहिलं की आठवीत तिला मराठी वाचताना अडखळायला व्हायचं आणि बारावीत ती मराठी नाटकात उभी होती. दोन दिवस न बोलण्याबद्दलही लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी काय होतं तेही. कमीपणा लिहिला की त्याच्यापुढे आपण काय पाहिलं तेही लिहायचं. आपण काहीच पाहिलं नसेल, तर तो लिहायचा आपल्याला अधिकार नाही.

आणि हे पत्र मुलीने वाचायचं की नाही? माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत वाढली. तिने कॉलेजात नृत्याला अर्ज केला, तेव्हा कळलं की तिथे शिक्षक पत्र थेट ऑनलाइन पाठवतात, मुलाच्या हातात देत नाहीत. 1974 च्या एका कायद्याने तिथल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी बघायचा हक्क आहे, पण अर्जातच विचारतात की तो हक्क तू या पत्रापुरता सोडतोस का. बहुतेक मुलं सोडतात, कारण गुप्त पत्रावर वाचणाऱ्याचा भरवसा जास्त. आपल्याकडे अजून बरेचदा पत्र मुलाच्याच हातून जातं. मी दोन्हीचा मान राखते. जिथे बंद पाकीट मागितलंय तिथे बंद देते, चिकटवल्या जागेवर सही करून. पण लिहिताना असं लिहिते की उद्या ते सलमाच्या हातात पडलं तरी मला तिच्या डोळ्यांना डोळा देता यावा.

तिन्ही पत्रं मुदतीच्या चार दिवस आधी गेली. सलमा मुंबईची चाचणी पार करून दिल्लीच्या कार्यशाळेपर्यंत पोचली. ‘आगे का आगे’ म्हणणारे वडील तिच्यासोबत दिल्लीला गेले, रिक्षा भावाकडे देऊन. शेवटच्या निवडीत तिचं नाव आलं नाही. ती आठवडाभर रडली. वडिलांनी मला फोन करून विचारलं, ‘‘टीचर, वो दूसरी जगह की चिठ्ठी गई थी ना?’’ गेली होती. सलमा आता त्या विद्यापीठात नाटकात एमए करतेय, होस्टेलवर राहते, आणि दर जुम्याला घरी फोन करते. दिल्लीचा अर्ज पुन्हा भरणार आहे. तीसच्या आत वय आहे, अजून वेळ आहे. दिग्दर्शक सरांच्या पत्राची तारीख बदलावी लागेल आणि दोन नाटकं वाढतील.

या सगळ्यातून माझ्यासाठी एक सवय उरली, ती शिक्षक असलेल्या वाचकांना सांगते. मी आता प्रत्येक वर्षी एक शंभरपानी वही ठेवते. गॅदरिंगची तालीम सुरू असते, मुशायऱ्याची तयारी असते, कुणी नात म्हणतं, कुणी डफ वाजवतं, कुणी नुसतं पडदा ओढतं. त्या दिवशी काय दिसलं ते एका ओळीत लिहायचं, नाव आणि तारीख घालून. ‘सातवी ब, अमुक, तीन वेळा चुकला, चौथ्यांदा स्वतःहून परत म्हणाला.’ पत्रक छापलं नसेल तर हाताने लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची, कारण आठ वर्षांनी तोच कागद लागणार असतो. मुलाचं नाव पहिल्याच प्रमाणपत्रावर नीट लिहायचं. पत्र मागायला आलेल्या मुलाला ‘मुदत कधी’ हा प्रश्न आधी विचारायचा आणि ‘घरी माहीत आहे का’ हा नंतर. ज्याला आपण पाहिलेलं नाही त्याला नकार द्यायचा, पण नकार देताना ज्याने पाहिलंय त्याच्याकडे हात धरून न्यायचं.

आईबापांनाही एक विनंती. मोठ्या माणसाचं पत्र शोधायला दारोदार फिरण्यापेक्षा एकदा मुलाच्या तालमीला जाऊन मागे खुर्चीवर बसा. तुमचं पत्र कुठल्याही अर्जाला चालत नाही हे खरं, पण मूल कुणाच्या हवाली करतोय हे तुम्हाला तिथेच कळेल. सलमाचे वडील दिल्लीत सहा दिवस रोज विद्यालयाच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले होते. आतून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलामुलींकडे बघत होते. परत आल्यावर मी विचारलं, कैसे हैं लोगां? म्हणाले, ‘‘मेहनत करते. रात कू दस बजे भी पसीने में निकलते. अच्छे दिखते.’’

वहीच्या या वर्षीच्या पहिल्या पानावर मी ते तारखेसह उतरवून ठेवलंय. पुढच्या वर्षी कुणी बाप तोच प्रश्न विचारेल, तेव्हा निदान एका साक्षीदाराचं म्हणणं माझ्याकडे असेल.